पिशवी राहिली नव्हती, ठेवली होती

गेल्या वर्षी गणपती गेले आणि रत्नागिरीत एक कुजबूज उठली. चाफ्याच्या आळीतल्या विहिरीचं पाणी बाधलंय. ते प्यायलं की माणूस झालेलं विसरतो आणि न झालेलं त्याला लख्ख आठवायला लागतं. पहिला घोट लीलाकाकू बेहेऱ्यांनी घेतला, मग बघता बघता सगळी आळी गेली. सांगणारा आधी आवाज खाली घ्यायचा, इकडेतिकडे बघायचा आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने सांगायचा. मारुती मंदिरापासून मांडवीपर्यंत ही बातमी अशी पसरली की चाफ्याच्या आळीत कामाला गेलेली माणसं चहाला नको म्हणायला लागली. "आत्ताच झाला," म्हणायची आणि कपाकडे साप बघितल्यासारखी बघायची.

गंमत म्हणजे ही बातमी खुद्द लीलाकाकूंना सगळ्यांत शेवटी कळली. पंचाहत्तर वर्षांत असा अपमान त्यांचा कोणी केला नव्हता.

कारण रत्नागिरीत बातमी म्हणजे लीलाकाकू. टेलिफोन उचलला की आधी बाईचा आवाज यायचा, 'नंबर प्लीज', त्या काळात तो आवाज त्यांचा होता. टेलिफोनच्या ऑफिसात कानाला हेडफोन लावून त्या बोर्डासमोर बसायच्या. दिवा लागला की प्लग खोचायचा, बोलणं झालं की काढायचा. मधलं बोलणं ऐकायचं नाही असा खात्याचा नियम होता आणि काकू तो मोडत नसत. फक्त कान काही हेडफोनसारखे काढून ठेवता येत नाहीत, असं त्या म्हणायच्या. त्यामुळे कोणाच्या मुलीला गुहागरचं स्थळ आलं, कोणाचा जावई रुसून वाडीबंदरला बसलाय, हे संध्याकाळपर्यंत त्यांच्या ओटीवर मांडलेलं असायचं. श्यामकाका, म्हणजे त्यांचे यजमान, हयात होते तेव्हा म्हणायचे, "आमच्याकडे पेपर लागत नाही. लीला येते."

पण काकूंची खरी कर्तबगारी दिसायची पावसाळ्यात. मुंबईची लाइन अशी खरखरायची की निम्मे शब्द घाटातच वाहून जायचे. मग दोघांच्या मध्ये बसून काकू निरोप पुढे करायच्या. तिकडून 'दादा... उद्या... बोट... नाही' एवढंच आलं, तरी काकू इकडे सांगायच्या, "दादा उद्या निघतायत म्हणे, पण बोटीने नाही, एसटीने. आणि वहिनी बरोबर नाहीत, त्यांचं माहेरी काहीतरी बिनसलंय." दादा खरंच एसटीने यायचे. वहिनी नसायच्याच. गाळलेल्या जागा भरायच्या हा काकूंच्या हाताचा मळ होता, आणि बोर्ड गेला, खातं बदललं, काकू निवृत्त झाल्या तरी तो मळ काही गेला नाही.

गणपतीला पुण्याहून मुलगा आला. सलिल. त्याला या वेळी आईची काळजी वाटायला लागली. मागच्या आळीतल्या मुलीने पळून जाऊन लग्न केल्याची बातमी आईने त्याला तीनदा सांगितली. पहिल्यांदा मुलगी चिपळूणला गेली होती, दुसऱ्यांदा खेडला आणि तिसऱ्यांदा, ऐन आरतीच्या वेळी, ती परत येऊन सासऱ्याच्या पाया पडली होती.

"आई, परवा तू चिपळूण म्हणालीस," सलिल म्हणाला.

"परवा बातमी चिपळूणपर्यंतच आली होती."

सलिलला हे पटलं नाही. त्यात काकूंचा चष्मा तांदळाच्या डब्यात सापडला. मग सूनबाई अवनीने मोबाइलवर काहीबाही वाचून दाखवलं, आणि विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सलिलने फैसला सुनावला. इथल्या हॉस्पिटलात महिन्यातून एकदा कोल्हापूरहून डॉक्टर तेजस्वी येतात, त्या स्मरणशक्तीची तपासणी करतात. रिपोर्ट चांगला आला तर आई इथे. नाही आला तर दिवाळीच्या आत घराला कुलूप आणि आई पुण्याला.

पुण्याचं नाव निघालं की काकू विषय बदलायच्या. एकदा त्या तिथे महिनाभर राहून आल्या होत्या. अकरावा मजला. लिफ्टमध्ये माणसं एकमेकांकडे न बघता वरच्या आकड्यांकडे बघतात. शेजारच्या दारामागे दोघं राहतात ती नवराबायको की भाऊबहीण, एवढंसुद्धा काकूंना महिन्याभरात समजलं नाही. उपास घडला तो त्यांना. परत आल्यावर रिक्षावाल्या भागोजीने स्टेशन ते घर एवढ्या वाटेत आळीचं सगळं सांगितलं, तेव्हा कुठे त्यांचा चेहरा माणसात आला. म्हणजे परीक्षा डोक्याची होती खरी, पण पणाला लागली होती ओटी.

परीक्षेला एकटं जायचं हे काही काकूंच्या रक्तात नाही. त्यांनी आळीभर सांगितलं: ज्येष्ठांची तपासणी आहे, सुया नाहीत, पट्ट्या नाहीत, नुसते टॅबलेटवरचे खेळ आहेत. भागोजीच्या रिक्षाला त्या शनिवारी उसंत नव्हती. निवृत्त मास्तर आत्माराम गुरुजी आले, आळीत मासे विकायला येणारी ठमाबाई टोपली घरी ठेवून आली, फेऱ्या संपल्यावर भागोजी स्वतःच रांगेत बसला. काकूंनी भोपळ्याचे घारगे डबाभर आणले होते. बघणाऱ्याला वाटलं असतं, गणपतीपुळ्याची सहल निघालीय.

तपासणीची व्यवस्था भाविकाकडे होती. नवी मुलगी, गुहागरची. ती एकेकाला आतल्या खोलीत बसवायची, टॅबलेट पुढ्यात ठेवायची, कानाला हेडफोन लावायची आणि दार ओढून घ्यायची. आत काय विचारतात ते बाहेर सांगायचं नाही, ही सूचना तिने द्यायची असते. दिलीही असेल. पण घारग्याने तोंड भरलेलं असताना दिलेली सूचना कोण ऐकतो?

पहिला नंबर अर्थात काकूंचा. हेडफोन कानाला लागला आणि इतक्या वर्षांनी काकूंची पाठ आपोआप ताठ झाली. "नंबर प्लीज," त्या म्हणाल्या. भाविका बघतच राहिली.

पहिला खेळ होता पिवळा गोळा दिसला की बोट लावायचं, निळ्याला लावायचं नाही. काकूंना हसूच आलं. बोर्डावरचे दिवेच ते. त्यांनी असे टपाटप टिपले की विशीतली पोरं मागे पडावीत. आकडे ओळीने जोडायचे होते, तेही झालं. मग हेडफोनमध्ये एक पुरुषी आवाज आला. आता एक गोष्ट सांगतो म्हणाला, नीट ऐका, लगेच सांगायची आहे आणि अर्ध्या तासाने पुन्हा सांगायची आहे.

गोष्ट अशी. रुपाली सोमवारी सकाळी चिपळूणहून गुहागरच्या बसमध्ये बसली. तिच्याजवळ निळी पिशवी होती. पिशवीत बहिणीसाठी नवी साडी होती. वाटेत पाऊस लागला. रुपाली उतरली आणि पिशवी बसमध्येच राहिली. कंडक्टरने पिशवी डेपोत जमा केली. संध्याकाळी रुपालीला पिशवी परत मिळाली.

काकू थांबल्या. पुढे काहीच येईना. "मग?" त्यांनी विचारलं. आवाज गप्प. काकूंनी ऐकलेलं बऱ्यापैकी सांगितलं खरं, पण लाइन मध्येच कट झाल्यासारखं त्यांना चुटपुटत राहिलं. बाहेर येऊन त्या ठमाबाईच्या शेजारी बसल्या. अर्धा तास मोकळा होता. अर्ध्या तासात काकूंनी एके काळी अख्ख्या जिल्ह्याची खबर घेतलेली आहे.

"ठमे, एक सांग," त्या म्हणाल्या. "नवी साडी असलेली पिशवी बाई बसमध्ये विसरते का?"

ठमाबाईने ठाम मान हलवली. नाय म्हणजे नाय. जीव विसरंल, साडी नाय.

तेच तर काकूंचं म्हणणं होतं. त्यांनी सगळी हकिगत मांडली, आणि मांडता मांडता गाळलेल्या जागा आपोआप भरत गेल्या. सोमवारी सकाळी, कामाच्या दिवशी, बहिणीकडे कोण जातं? बहीण निमित्ताला. तो कंडक्टर, त्याचं नाव सर्वेशच असणार, त्या वयाच्या पोरांची नावं तीच असतात, तो त्याच गाडीवर रोज असतो. पाऊस आला तेव्हा त्याने हिच्या बाजूची खिडकी ओढून दिली. दुसऱ्या कोणाची दिली का? नाही. आणि पिशवी तिने सीटवर ठेवली, जरा आतल्या बाजूला, दुसऱ्या प्रवाशाला दिसू नये अशी.

"पिशवी राहिली नव्हती," काकू म्हणाल्या. "ठेवली होती. संध्याकाळी आणायला जाता यावं म्हणून."

बाकावर एकदम जान आली. आत्माराम गुरुजींनी हे वर्तन शोभत नसल्याचं मत दिलं, आणि पुढचं ऐकायला कान इकडे केला. ठमाबाई रुपालीची बाजू घेऊन उभी राहिली. भागोजीने धंद्याचा अनुभव सांगितला की रिक्षात छत्री राहते ती राहते, पण रुमाल राहतो तो ठेवलेला असतो. साडीचा रंगसुद्धा तिथेच ठरला, मोरपंखी. आणि ज्या भाविकाने हे सगळं थांबवायचं ती हनुवटीला हात लावून ऐकत होती. शेवटी तिला राहवेना.

"काकू, पण तो कंडक्टर लग्न झालेला नव्हता ना?" तिने विचारलं.

अर्ध्या तासाने काकू आत गेल्या आणि त्यांनी टॅबलेटला सगळं सविस्तर सांगितलं. त्यांच्यामागून आळी एकेक करून आत गेली. प्रत्येकाला त्या पुरुषी आवाजाने तीच कोरडी गोष्ट सांगितली, आणि प्रत्येकाला वाटलं की हा मेला झाकून ठेवतोय. मग प्रत्येकाने आपल्या परीने त्याला खरं काय ते सांगितलं. गुरुजींनी शेवटी बोधही जोडला. ठमाबाईने तर त्याची हजेरीच घेतली: "जल्लं तुजं सांगनं, सर्वेशचं नाव कुठं गेलं रं?"

यंत्राला विनोद कळत नाही. ऐकवलेल्या गोष्टीतले शब्द आले की हिरवं, गोष्टीत नसलेलं काही आलं की लाल, एवढंच त्याला शिकवलेलं. संध्याकाळी सगळी चाफ्याची आळी लाल झाली. रिपोर्टांच्या चळतीकडे बघून हॉस्पिटलातल्या सखाराम वॉर्डबॉयने भुवया वर केल्या. एका आळीतली सगळी माणसं लाल? मग माणसांत नाही, पाण्यात काहीतरी आहे. हे तो फक्त आपल्या बायकोला म्हणाला. रत्नागिरीत तेवढं पुरतं.

सोमवारपर्यंत विहिरीवर कोणीतरी दोरी बांधून लाल फडकं लावलं. गुरुजी पाणी उकळून, गाळून, पुन्हा उकळून पिऊ लागले आणि विचारलेल्या तारखा चुकल्या की विहिरीकडे बोट दाखवायला लागले. ठमाबाईच्या सुनेने तिला चाफ्याच्या आळीत पाणी मागायचं नाही अशी तंबी दिली. भागोजीने तर एका गिऱ्हाइकाला चुकीच्या नाक्यावर उतरवलं आणि वर ऐकवलं, "काय करणार, आमच्याकडचं पाणीच तसं."

रिपोर्ट सलिलच्या मोबाइलवर गेला होता. तो शुक्रवारीच येऊन थडकला. घरभर फिरून त्याने कुठल्या खिडकीची कडी लागते, कुठल्या नाही, ते बघून ठेवलं. ते बघून काकूंना पाण्याची बातमी ऐकून वाटलं नव्हतं एवढं वाईट वाटलं. रात्री जेवताना त्यांनी एक बातमी सांगितली नाही. सलिलला आमटी गोड लागेना.

खरं सांगायचं तर काकू घाबरल्या होत्या. गेले चार दिवस त्या मनातल्या मनात रुपालीची गोष्ट सांगून बघत होत्या, आणि दर वेळी सर्वेश खिडकी ओढायला उभाच. मोरपंखी साडी त्यांना दिसत होती. काठसुद्धा दिसत होता. यातलं हेडफोनमधून काय आलं आणि बाकावर काय जमलं, त्यांना सांगता येईना.

शनिवारी डॉक्टर तेजस्वींनी दोघांना बोलावलं होतं. त्या महिन्याची त्यांची फेरी होऊन गेली होती, तरी त्या मुद्दाम कोल्हापूरहून आल्या होत्या. चाळिशीच्या आतली बाई, चेहरा गंभीर, पण तो गंभीर ठेवायला बरेच कष्ट पडत असावेत.

"काकू," त्यांनी सरळच विचारलं, "सर्वेश कोण?"

"कोण सर्वेश?" सलिल दचकला.

"कंडक्टर," काकू म्हणाल्या.

"गोष्टीत कंडक्टरला नाव नाहीये."

काकू एरवी म्हणाल्या असत्या, बिननावाचा कंडक्टर कुठे असतो का. पण आज त्या पदराशी चाळा करत बसल्या. मग सलिलकडे न बघता हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, मला खरंच सांगता येत नाही हो. त्यातलं यंत्राचं किती नि माझं किती."

सलिलने आईचा असा आवाज कधी ऐकला नव्हता. डॉक्टरांनी टॅबलेट पुढे ओढला. तपासणीतली उत्तरं त्यात जशी बोलली तशी साठलेली असतात. त्यांनी एकामागून एक लावली. गुरुजींचा सर्वेश बोधासकट. भागोजीचा सर्वेश, त्याला मिशी होती. ठमाबाईचा सर्वेश, जल्लंसकट. तिसऱ्या सर्वेशला सलिलने तोंडावर हात धरला.

"चार दिवस मी हेच ऐकतेय," तेजस्वी म्हणाल्या. "एका आळीतल्या सगळ्यांना विसर पडू शकतो. पण सगळ्यांना एकच कंडक्टर आठवू शकत नाही."

मग त्यांनी सांगितलं की काकूंचे गोळे, आकडे, सगळं हिरवं आहे. अडलंय ते गोष्टीपाशी. आज दुसरी गोष्ट. अर्धा तास या खोलीत, कोणाशी एक शब्द नाही. आणि ऐकलं तेवढंच सांगायचं, जसंच्या तसं.

काकूंनी मान वर केली. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी लुकलुकलं.

"म्हणजे तार सांगू की ट्रंक?"

डॉक्टरांना कळेना. काकूंनी समजावलं. ट्रंक कॉलचा निरोप म्हणजे खरखरीतून वेचलेला. ऐकणाऱ्याला उमगेल असा पुरा करून द्यायचा. तार वेगळी. खेड्यातल्या पोस्टातून आलेली तार फोनवर वाचून पुढे द्यायची असायची, आणि त्यात शब्दाचा फेर झाला तर नोकरी जायची. 'वडील सिरियस, लगेच या' याच्या पुढे आपलं एक अक्षर लावायची सोय नाही, मग पोटात कितीही कळ येवो.

"तार," तेजस्वी म्हणाल्या. "अगदी तार."

हेडफोन लागला. सोहम बुधवारी दुपारी खेडच्या बाजारात गेला. त्याने काळी छत्री विकत घेतली. परतताना तो एका दुकानात चहा प्यायला थांबला. छत्री दुकानातच राहिली. दुकानातली मुलगी छत्री घेऊन त्याच्या मागे धावली.

काकूंनी डोळे मिटून घेतले. मुलगी मागे धावली. मागे धावली, आणि बोलायचं नाही. तो अर्धा तास त्यांनी कसा काढला हे त्यांचं त्यांना ठाऊक. दाराशी भाविका पहाऱ्याला उभी होती, या वेळी बोटभर फट न ठेवता. सलिल आईकडे बघत होता. काकू ओठ घट्ट मिटून बसल्या होत्या, पण भुवया आपल्या परीने गोष्ट सांगत होत्या. त्या वर गेल्या की मुलगी धावत असणार, खाली आल्या की तिच्या बापाने हाक मारली असणार.

वेळ झाली. काकूंनी खाकरून घसा साफ केला आणि खात्याच्या आवाजात सोहम सांगितला. बुधवार, दुपार, खेड, काळी छत्री, चहा. 'छत्री दुकानातच राहिली' हे वाक्य त्यांनी जरा जास्तच सावकाश म्हटलं. सलिलने खुर्चीचा हात पकडला. काकूंनी मुलीला मागे धाववली आणि तिथेच थांबवली.

"मजकूर संपला," त्या म्हणाल्या.

टॅबलेट हिरवा झाला, वरपासून खालपर्यंत. तेजस्वींनी तो बंद करून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सरकवला, पाण्याचा ग्लास काकूंपुढे ठेवला आणि आता मात्र त्यांना चेहरा सांभाळता आला नाही.

"हं. आता ट्रंक."

सलिलनेही खुर्ची पुढे ओढली. भाविका दारातून आत कधी आली कोणाला कळलं नाही. आणि काकूंनी त्या मुलीला जी धाववली म्हणता, ती खेडच्या बाजारातून, जगबुडी नदीच्या पुलावरून, थेट सोहमच्या आईच्या स्वयंपाकघरापर्यंत. तिथे दोन छत्र्या आधीच टांगलेल्या होत्या.

रविवारी सलिल एकटाच पुण्याला गेला. कुलपाचा विषय निघाला नाही. उलट जाताना त्याने मागच्या खिडकीची कडी दुरुस्त करून दिली आणि चष्म्यासाठी एक खुंटी ठोकली, तांदळाच्या डब्याच्या शेजारी. तो घरी पोचायच्या आत अवनीचा फोन आला. तब्येतीची चौकशी दोन वाक्यांत उरकून तिने विचारलं, "आई, ते राहू दे. ती रुपाली पुढे गेली का संध्याकाळी डेपोत?"

काकू ओटीवर टेकल्या, पाय वर घेतले आणि म्हणाल्या, "अगो, तेच तर सांगत्ये."

आळीतल्या बाकीच्यांची तपासणी पुन्हा झाली, नव्या गोष्टीवर, लीलाकाकू घरी असताना. विहिरीवरचं लाल फडकं अजून तिथेच आहे.

विहिरीचं पाणी चांगलं आहे. तपासणीतली गोष्ट लीलाकाकूंनी आपली भर घालून बाकावरच्या सगळ्यांना आधीच सांगितली होती, आणि सगळ्यांनी आत जाऊन तीच सांगितली.